अंजनावहिनींची जिवाणी

१

अंबाबाईची शपथ घेऊन सांगतो, पुढं लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी स्वतः बघितलंय, माझ्या उजव्या डोळ्यानं. साक्षीदार पाहिजेत तर चौघंजण आहेत आणि चौघंही सह्या करून देतील.

सह्यांचं जरा थांबा. महावीर सही करणार नाही, तो बँकेच्या फॉर्मवरसुद्धा बायकोला विचारून सही करतो. त्याच्या बायकोला, म्हणजे अंजनावहिनींना, मी विचारू शकत नाही. का ते कळेलच. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतील, असलं काही नव्हतंच. राहिली नेसरीच्या शाळेतली धोंडुबाई. ती सही देईल, पण तिनं बघितलं ते फक्त माझं तोंड.

आणि अक्षर न् अक्षर म्हणालो, तेही तितकंसं बरोबर नाही. एक तुकडा मी रचलाय. माझी बायको वर्षाराणी म्हणते, तुम्ही एस.टी.चं वेळापत्रक वाचून दाखवलं तरी त्यात एक थांबा वाढवता. तर तो वाढवलेला थांबा कुठला, ते शेवटी सांगतो. तोपर्यंत सगळं खरं धरून चाला. मीही तेच करतोय.

माझं नाव गुंडू. कोल्हापुरात, शाहूपुरीत माझं मायक्रोस्कोप दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा, कॉलेजं, रक्त तपासायच्या लॅबा, दूध डेअऱ्या, जिथं कुठं मायक्रोस्कोप रुसून बसतो तिथं मी पिशवी घेऊन जातो. बुरशी आलेली भिंगं पुसायची, घट्ट झालेले स्क्रू सैल करायचे, सैल झालेले घट्ट करायचे. आणि काम झालं की एक रिवाज. तिथल्याच पाण्याचा एक थेंब काचेवर घ्यायचा. कुंडीखालच्या ताटलीतला, टाकीतला, कुठलाही. आत काहीतरी वळवळताना दिसलं की यंत्र चालू. सव्वीस वर्षं मी असले थेंब बघतोय. थेंबात जनावरं असतात याची मला भीती वाटत नाही. ती नसली तर मला काळजी वाटते, कारण मग स्क्रू परत खोलावे लागतात.

२

गेल्या दिवाळीनंतर एका शाळेनं विज्ञान प्रदर्शनासाठी मला एक काम दिलं. जुन्यात जुना मायक्रोस्कोप बनवून द्या, पहिला होता तसा.

साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये एक कापडवाला होता. कापडाचे धागे तपासायला भिंग वापरायचा. भिंगं घासता घासता त्याला नाद लागला आणि एक दिवस त्यानं तळ्याच्या पाण्याचा थेंब बघितला. आत बारकी बारकी जनावरं पळत होती. त्याआधी ती कुणी बघितलीच नव्हती. लोक म्हणतील, हा कापडवाला थापा मारतोय, म्हणून त्यानं गावातल्या वजनदार माणसांच्या सह्या घेतल्या आणि पत्राबरोबर लंडनला धाडल्या. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

त्याचं यंत्र बघून तुम्ही हसाल. बोटाएवढ्या दोन पितळी पट्ट्या, मध्ये एक भोक, भोकात मोहरीएवढा काचेचा मणी. एका बाजूला सुईचं टोक, त्यावर थेंब. दुसऱ्या बाजूनं डोळा लावायचा. लावायचा म्हणजे खरोखरच लावायचा, पापण्यांचे केस पितळेला घासतात इतका जवळ. गुजरीच्या बाजारातून पितळ आणलं, स्टोव्हच्या जाळावर काचेची काडी वितळवून मणी केला. सतरा मणी वाया गेले, अठरावा जमला.

आता चांगला थेंब पाहिजे होता. शहरातलं नळाचं पाणी मेलेलं असतं. मला हातकणंगल्याचा महावीर आठवला.

महावीर माझा शाळेतला दोस्त. हातकणंगल्यात बियाणं-खताचं दुकान, आणि घरामागं विहीर. जैनांचं घर, त्यामुळं पाणी गाळल्याशिवाय वापरायचं नाही. गाळताना फडक्यात जे जीव अडकतात, त्यांना म्हणायचं जिवाणी. ती फेकायची नाही, गटारात सोडायची नाही. ज्या विहिरीतलं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायची. अंजनावहिनी रोज सकाळी हे करतात. फडकं उलटं करून स्वच्छ पाण्यानं एका छोट्या कळशीत निथळवायचं. त्या कळशीच्या तळाला कडी असते, दोर त्या कडीला बांधून वर तोंडाशी नुसता अडकवलेला. कळशी हळूहळू खाली सोडायची. पाण्याला टेकली की दोराला झटका द्यायचा, मग ती तिथंच उलटते. वरून ओतायचं नाही. उंचावरून पडलं तर जिवांना मार लागतो.

"आलास व्हय?" महावीर म्हणाला. "आज कुणाला टोपी घालायला?"

"तुझ्या विहिरीतली जनावरं मोजायला आलोय."

"आमच्यात मोजत न्हाईत. निस्तं सांभाळतेत."

वहिनी कळशी सोडणारच होत्या. मी म्हणालो, "वहिनी, एक थेंब द्या की. जगात पहिल्यांदा माणसानं कसं बघितलं ते दावतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वहिनींना थट्टा कळते, पण काही गोष्टींत त्या थट्टा चालू देत नाहीत. "घ्या. पर एक काम करायचं, भावजी. बघून झालं की हितंच आणून सोडायचं. दुसऱ्या पाण्यात न्हाई. जिथलं तिथं."

"एका थेंबासाठी?"

"थेंबच हाय तुमच्यासाठी. त्यांचं सगळं घर हाय त्ये."

३

मी चमचाभर जिवाणी बाटलीत घेतली. एक थेंब तिथंच परसात सुईवर लावला, यंत्र उन्हाकडं धरलं आणि मण्याला डोळा लावला.

दिसलं. ज्वारीच्या दाण्यासारखी जनावरं, एका बाजूला खाच असलेली. आरपार काचेची. सव्वीस वर्षांत असली मी बघितली नव्हती, पण पाण्याचा काय नेम. इकडून तिकडं मजेत पळत होती. महावीर मागून म्हणाला, "मला दाव की लेका," आणि माझ्या कोपराला धक्का दिला. सुई हलली, थेंब पितळेवरून घसरला आणि माझ्या डोळ्यात गेला. गार लागलं. डोळा चोळला, सगळे हसलो. चहा घेतला.

बाटली दुकानात आणली, दोन दिवस खेळलो, मग प्रदर्शनाची घाई लागली. बाटली बेसिनमध्ये रिकामी केली, वरून नळ सोडला. मुद्दाम नाही. हाताला सवय असते. शाहूपुरीचं गटार पुढं कुठं जातं मला माहीत नाही, पण हातकणंगल्याला जात नाही एवढं नक्की.

आठ दिवसांनी वहिनींचा फोन. "भावजी, सोडलासा न्हवं?"

"व्हय की. तिकडनं जाताना मागच्या मागंच सोडलं. महावीर दुकानात होता."

एवढी छोटी थाप मी झोपेतसुद्धा मारतो. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी, नुसता हात मोकळा होता म्हणून, मी नळाच्या पाण्याचा थेंब मण्याखाली धरला. नळाच्या पाण्यात काही दिसायला नको होतं. खाच असलेली पाच-सहा जनावरं होती. पितळ नीट धुतलं नसणार, म्हटलं. पण ती पळत नव्हती. थेंबाच्या एका कडेला गोळा होऊन, दाराला खेटून उभी राहिल्यासारखी उभी होती. मी यंत्र फिरवलं. थोडा वेळ गेला आणि ती सावकाश सरकली आणि पुन्हा त्याच बाजूला गेली. दुकानाच्या दाराकडं.

दारातून उजेड येतो. उजेडाकडं जाणारी जनावरं मी हजार बघितलीत. दार ओढून घेतलं, दिवा उलट्या बाजूला ठेवला.

दाराकडंच गेली.

मी पितळ उकळलं आणि ती गोष्ट तिथं संपवली.

४

जानेवारीत नेसरीच्या एका शाळेत तीन मायक्रोस्कोप दुरुस्त करायला गेलतो. प्रयोगशाळेत शिपाई म्हणून धोंडुबाई. चहा आणते, काचा पुसते आणि माणसाला नीट बघते.

काम संपलं. टाकीतल्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला. त्या दिवसांत माझा उजवा डोळा सारखा पाणावायचा; बोटानं पुसत पुसतच काम चाललेलं. नळी फिरवली आणि चित्र स्पष्ट झालं. नेसरीची जनावरं आपापल्या वाटेनं पळत होती. आणि त्यांच्यात ती, खाच असलेली, चारच, पण एका बाजूला गोळा झालेली. खिडकीच्या बाजूला. खिडकी दक्षिणेला, ऊन तिकडून येत होतं. माझ्या जिवात जीव आला. उजेडाकडंच जातायत की. शाहूपुरीत मीच काहीतरी चुकलो असणार.

मग सव्वीस वर्षांचं ज्ञान जागं झालं. मण्यातून बघितलं तर डावीकडचं डावीकडंच दिसतं. मायक्रोस्कोपात चित्र उलटं असतं. खिडकीकडं दिसतायत म्हणजे ती खिडकीकडं पाठ करून पळतायत. फळ्याच्या भिंतीकडं. उत्तरेला.

"पावणं," धोंडुबाई म्हणाली, "एक इचारू काय?"

"विचारा की."

"टेबल हिकडं हाय, च्या हिकडं ठेवलाय, मी हिकडं हाय. आन तुम्ही मघाधरनं त्या भितीकडं तोंड करून का बसलाय?"

मी बघितलं. खुर्ची टेबलाशी सरळ होती. माझी मान नव्हती. चहासुद्धा मी भिंतीकडं बघत प्यालो होतो.

"मान अवघडलीय," मी म्हणालो.

"मग वळवा की हिकडं."

मी वळवली. वळली. जरा जड गेली इतकंच. धोंडुबाईनं कप उचलला आणि जाताना ती माझ्या आणि भिंतीच्या मधून गेली नाही, टेबलाला वळसा घालून गेली.

५

एकदा शंका शिरली की माझ्यासारख्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. थापा मारणाऱ्याला दुसऱ्याची थाप लगेच ओळखू येते, आणि इथं कुणीतरी मला थाप मारतंय असं वाटत होतं. मी दुकानात दोन काचा घेतल्या. हात स्पिरिटनं धुतले. उकळून गार केलेलं पाणी दोन्ही काचांवर एकेक थेंब. पहिला थेंब बघितला. रिकामा. तासभर बघत बसलो, रिकामाच.

मग उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीला बोट लावलं आणि तेच बोट दुसऱ्या थेंबाला.

सात होती.

म्हणजे पितळ घाण नव्हतं, नेसरीची टाकी घाण नव्हती. मी जिथं जात होतो तिथं ती माझ्याबरोबर येत होती. महावीरच्या परसात डोळ्यात गेलेला तो थेंब बाहेर आलाच नव्हता.

डावा डोळा मिटून दुकानाच्या पांढऱ्या भिंतीकडं बघितलं. काळे ठिपके, बारीक धागे तरंगत होते. असले ठिपके पन्नाशीत सगळ्यांना दिसतात. नजर हलवली की ते हलतात, थांबवली की संथ खाली बसतात. माझे खाली बसले नाहीत. एका कडेला गेले. दाराकडच्या.

दुसऱ्या आठवड्यात कागलच्या एका डेअरीत काम होतं. तिथं मायक्रोस्कोप काढलाच नाही, नुसता डेअरीच्या चुना मारलेल्या आवारात मधोमध उभा राहिलो आणि एका डोळ्यानं भिंतींकडं बघत स्वतःभोवती फिरलो. वॉचमन हसला. "काय पावणं, भोवरा झालाय काय?" मी फिरत राहिलो. एका दिशेला तोंड केलं की ठिपके कडेला जायचं सोडून बरोबर मध्ये येऊन उभे राहायचे. ती दिशा ईशान्य होती.

घरी आलो. मुलांच्या शाळेचा जिल्ह्याचा जुना नकाशा माळ्यावर होता. शाहूपुरीचं दार पूर्वेला. कोल्हापूरपासून पूर्वेला एक रेघ मारली. नेसरीपासून उत्तरेला, किंचित उजवीकडं झुकलेली. कागलपासून ईशान्येला. तिन्ही रेघा कुठं भेटल्या हे तुम्हाला सांगायला नको. मी पेन्सिल ठेवली तेव्हा वर्षाराणी भाजी निवडत म्हणाली, "अहो, रात्री तुम्ही कूस बदलतच न्हाई हल्ली. सारखं त्या कपाटाकडं तोंड."

कपाट पूर्वेला आहे.

६

उजवा डोळा गेला तर माझं दुकान गेलं. डाव्या डोळ्यानं मला लहानपणापासून धूसर दिसतं. हे मी कुणाला सांगत नाही, गिऱ्हाइकं पळतील. म्हणून राजारामपुरीत डॉक्टर संयोगिताबाईंकडं गेलो. बोलणं गोड, पण नजर अशी की माझी एकही थाप त्यांच्यासमोर टिकत नाही.

"वय?"

"त्रेपन्न."

"मग येतात असले ठिपके. काळजी करू नका."

तेव्हा मी विहिरीचं सांगितलं. नकाशाचं नाही, थेंब डोळ्यात गेला एवढंच. त्यांचा चेहरा बदलला.

"विहिरीचं पाणी डोळ्यात गेलं, डोळा पाणावतोय, आणि तुम्ही आत्ता येताय? पाण्यातले काही जीव बुबुळ पोखरतात. डोळा कायमचा जाऊ शकतो, कळतंय का?"

हनुवटी यंत्राच्या पट्टीवर ठेवली, कपाळ टेकवलं. समोरून उजेडाची रेघ डोळ्यात शिरली. डॉक्टरीणबाई पलीकडून बघत होत्या. मला कल्पना आली, इतकी वर्षं मी ज्यांना बघतोय त्यांना असंच वाटत असणार. एवढा मोठा डोळा, एवढ्या जवळ.

"हलू नका," त्या म्हणाल्या.

"मी नाही हललो."

"तुम्ही नाही..." त्या बोलायच्या थांबल्या.

यंत्राचा पंखा घरघरत होता. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं. त्या मागं सरल्या, खिशातून रुमाल काढला आणि यंत्राचं भिंग पुसलं. भिंग स्वच्छच होतं, एवढं मला कळतं. पुन्हा बघितलं, थोडाच वेळ. मग दिवा घालवला आणि खाली बघून लिहायला लागल्या.

"काय दिसलं, मॅडम?"

"सूज आहे. औषध देते. दर तासाला एक थेंब, दोन महिने. आत जे काही असेल ते मरेल."

"काय असेल?"

"जे काही असेल ते," त्या म्हणाल्या. आणि पुढचा पेशंट बोलावला. मी उठताना त्यांनी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडं बोट केलं. "इथून ही नस मागं जाते, थेट मेंदूकडं. तिच्याभोवती मेंदूतलंच पाणी असतं. म्हणून हयगय करायची नाही."

दुकानात येऊन पहिला थेंब टाकला. झोंबलं. पांढऱ्या भिंतीवर सगळे ठिपके एकदम पूर्वेच्या कडेला धावले, आणि त्यांच्याबरोबर माझी मान. मी वळवली नव्हती. मानेत कट् असा आवाज झाला. बाटली हातातून पडली.

मी तिथंच खुर्चीवर बसलो, दाराकडं तोंड करून, आणि वहिनींचं बोलणं आठवलं. ती जनावरं मला खात नव्हती, पोखरत नव्हती. घरी जायचं म्हणत होती. चार महिने. आणि मी त्यांना औषध घालून मारणार होतो, म्हणजे मेलेली माझ्याच डोळ्यात राहणार.

७

रविवारी सकाळी हातकणंगल्याला गेलो. गाडी जसजशी जवळ गेली तसा डोळा हलका होत गेला. महावीरच्या परसात पोचलो तेव्हा वहिनी विहिरीच्या काठावर फडकं धरून उभ्या होत्या.

मी सगळं सांगितलं. बेसिनचं, फोनवरच्या थापेचं, नकाशाचं. महावीर तोंड उघडं टाकून ऐकत होता. वहिनींनी फडकं काठावर ठेवलं.

"माझ्याशी खोटं बोललासा," त्या म्हणाल्या. "त्याचं काय न्हाई. तुमचा धर्म त्यो. त्यांना चार म्हैनं परक्या घरात ठेवलासा."

"चुकलं, वहिनी."

"वाकवा मान."

त्यांनी गाळलेलं पाणी ओंजळीत घेतलं, माझा डोळा बोटांनी उघडा धरला आणि धार सोडली. पाणी डोळ्यातून कळशीत पडत होतं. एकदा, दोनदा, पाचदा. मग त्यांनी कळशी दोरानं खाली सोडली. दोर सरसरत गेला. कळशी पाण्याला टेकल्याचा आवाज आला नाही, इतक्या अलगद. झटका दिला, दोर सैल झाला.

"हात जोडा," वहिनी म्हणाल्या.

मी जोडले. वर बघितलं, आभाळ कोरं होतं. एक ठिपका नाही. मान मोकळी, कुठंही वळत होती. महावीरनं पाठीवर थाप मारली. "लेका, आता तरी खरं बोलशील काय?"

"बोलतो की," मी म्हणालो.

८

सातवा भाग मी रचला.

हातकणंगल्याला मी गेलतो, ते खरं. रविवार होता तेही खरं. घराला वळसा घालून मागं गेलो आणि थांबलो. विहीर नव्हती. लाल मुरूम ओतून सपाट केला होता, त्यावर जेसीबीच्या चाकांचे वळ. एका कोपऱ्यात काठाचे दोन दगड पडले होते.

महावीर मागून आला. "इकली रे. पलीकडं मंगल कार्यालय होतंय, त्यांना पार्किंगला जागा पायजे हुती. गेल्या म्हैन्यात बुजवली. आता बोअर मारलीय, फिल्टर बसवलाय. अंजना आठ दिवस बोलली न्हाई माझ्याशी."

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. थकल्यासारख्या दिसत होत्या. मुरमाकडं त्यांनी बघितलं नाही.

"मशीन आलं त्या दिवशी म्या थांबवलं त्याला," त्या म्हणाल्या. "शेवटची जिवाणी सोडली, हात जोडलं, मंग म्हटलं कर तुझं काम. हितली सगळी हितंच ऱ्हायली म्हणायची. एकटं दुकटं बाहेर न्हाई ऱ्हायलं." मग माझ्याकडं वळल्या. "तुमचा थेंब तेवढा टायमावर सोडलासा, भावजी. न्हाईतर जिवाला घोर लागला असता माझ्या."

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं.

"व्हय," मी म्हणालो. "टायमावर सोडला."

चहा प्यालो. मग मुरमावर, जिथं विहीर होती तिथं, मधोमध जाऊन उभा राहिलो. सगळे ठिपके डोळ्यात खाली गेले, खालच्या पापणीपाशी, एकाला एक खेटून. बराच वेळ ते तिथंच होते. हलत नव्हते. "खाली काय बघायलायस?" महावीर म्हणाला. त्याच वेळी ते एकेक करून वर उठायला लागले. पूर्वेला गेले नाहीत. कुठल्याच कडेला गेले नाहीत. जागच्या जागी वळले आणि बारीक होत गेले, लांब जाणाऱ्या माणसासारखे, एकापाठोपाठ एक, रांगेनं.

औषध दोन महिने घातलं. गेल्या आठवड्यात संयोगिताबाईंनी पुन्हा तपासलं, या वेळी भिंग पुसलं नाही. म्हणाल्या, "डोळा आरशासारखा स्वच्छ आहे." खरं आहे. पांढऱ्या भिंतीवर काही दिसत नाही. मान हवी तिकडं वळते. बोट पापणीला लावून थेंब बघतो, थेंब रिकामा असतो. रोज बघतो. त्यांच्या दवाखान्यातल्या भिंतीवरचं ते चित्रही मी नीट बघून आलोय. डोळ्याच्या मागं नस आहे, तिच्याभोवती पाणी आहे, ते पुढं जाऊन सगळ्या मेंदूभोवती पसरतं. चांगलं चहापेलाभर असतं म्हणे. संथ. बंदिस्त. कुणी बुजवू शकणार नाही असं.

तर रचलेला भाग तेवढाच, सातवा. बाकी अक्षर न् अक्षर खरं आहे.

आणि हे कधी अंजनावहिनींच्या हातात पडलं, तर त्यांना एवढंच सांगा की खरा भाग सातवा आहे, बाकी सगळं गुंडूभावजींनी रचलंय.